न दुखणारे दुखणे : अन्ननलिकेची सूज आणि डॉक्टरांचा हिशेब



दुखले की डॉक्टरकडे जायचे आणि थांबले की औषध बंद करायचे, ही आपल्या घराघरांतली रीत आहे. ज्याची रोजी एका खाड्याने बुडते त्याने असा हिशेब केला तर त्यात नवल नाही. पण काही दुखणी अशी असतात की ती दुखतच नाहीत. रक्तदाब हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. आज आम्ही अशाच एका दुसऱ्या दुखण्याबद्दल लिहिणार आहोत. ते म्हणजे त्रास न देणारी अन्ननलिकेची सूज, म्हणजेच अन्ननलिकेचा दाह.

हा विषय निवडण्याचे कारण आमच्याकडे आलेली दोन पत्रे. पहिले पत्र एका भगिनीचे आहे. तिचे पती एस.टी.च्या आगारात काम करतात. ती लिहिते, "माझे मिस्टर ४९ वर्षांचे आहेत. रक्त कमी भरले म्हणून डॉक्टरांनी तोंडातून नळी घालून तपासणी केली. कागदावर अन्ननलिकेला सूज, ग्रेड सी, असे लिहून आले. पण त्यांना छातीत जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, ठेचा-भाकरी सुखाने खातात. दहा दिवस गोळ्या घेतल्या आणि सोडून दिल्या. म्हणतात, मला काही होतच नाही तर गोळ्या कशाला? मी काय करू?"

दुसरे पत्र एका तरुणाचे आहे. त्याच्या आईची पोटाच्या किरकोळ तक्रारीसाठी चार वर्षांपूर्वी अशीच तपासणी झाली. कागदावर सूज, ग्रेड ए, असे लिहिले होते. छातीत जळजळ तिलाही कधी नव्हती. तेव्हापासून ती माऊली रोज सकाळी पित्ताची गोळी घेते आहे. गोळी थांबवा असे कोणी सांगितले नाही आणि हिनेही कोणाला विचारले नाही.

दोघांच्या कागदावर रोगाचे नाव एकच आहे आणि जळजळ दोघांनाही नाही. तरीही आमचे उत्तर दोघांना वेगवेगळे आहे. पहिल्याने गोळी सोडायला नको होती. दुसरीने मात्र आपल्याला गोळी अजून हवी आहे का, हे केव्हाच विचारायला हवे होते. असे का, ते आता नीट समजून घेऊ.

सूज येते कशी?

घशापासून जठरापर्यंत अन्न नेणारी स्नायूंची नळी म्हणजे अन्ननलिका. मोठ्या माणसात ती साधारण २५ सेंटीमीटर लांब असते. तिच्या खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. घास आला की ते उघडते आणि घास खाली गेला की मिटते. जठरात अन्न पचवण्यासाठी जहाल आम्ल तयार होते. जठराच्या आतल्या अस्तराला या आम्लापासून संरक्षण असते, पण अन्ननलिकेच्या अस्तराला तसे नसते. खालचे कडे सैल पडले किंवा वेळी-अवेळी उघडू लागले की आम्ल वर चढते आणि अस्तर सोलवटते. यालाच डॉक्टर दाह किंवा सूज म्हणतात. आपण बोलताना ज्याला 'पित्त' म्हणतो ते बहुतेक वेळा हे जठरातले आम्लच असते.

पोट सुटणे, तंबाखू, दारू, भरपेट जेवून लगेच आडवे होणे, जठराचा वरचा भाग पडद्यातून छातीकडे सरकणे, अशी कडे सैल पडण्याची किंवा आम्ल वर येण्याची कारणे आहेत.

सोलवटले तर दुखत कसे नाही?

हा प्रश्न कोणालाही पडेल. हाताला ओरखडा आला तरी चुरचुरते, मग आत सोलवटलेले का कळत नाही?

त्याचे उत्तर असे की अस्तराला झालेली इजा आणि माणसाला होणारा त्रास यांचे माप एक नाही. कित्येकांना छातीत रोज जळजळ होते, आणि नळी घालून पाहावे तर आत सगळे स्वच्छ असते. आम्ल वर येण्याचा त्रास असलेल्यांत अशांचीच संख्या मोठी आहे. उलट काहींच्या आत मोठे ओरखडे असतात आणि त्यांना पत्ताच नसतो. कोणाच्या नसा थोड्याशा आम्लानेही चाळवतात, तर कोणाच्या मुकाट्याने सहन करतात. वय वाढते तशी ही जाणीव बोथट होत जाते. म्हणून म्हाताऱ्या माणसांत सूज गंभीर असूनही तक्रार मात्र किरकोळ, असे बरेचदा दिसते.

हे फक्त दवाखान्यात येणाऱ्यांपुरते खरे आहे असे नाही. स्वीडन देशाच्या उत्तर भागातील कॅलिक्स आणि हापारांडा या दोन गावांत गावातल्या साध्या माणसांना बोलावून एक मोठी पाहणी करण्यात आली. १००० लोकांची नळी घालून तपासणी झाली. २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे १५ टक्के लोकांना अन्ननलिकेची सूज होती. त्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक जणांना जळजळीची किंवा आंबट पाणी वर येण्याची तक्रारच नव्हती. जपान आणि कोरियात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे, म्हणून तेथे निरोगी माणसांचीही नळीची तपासणी होते. तेथेही असे मुके रुग्ण भरपूर सापडतात.

आपल्याकडे निरोगी माणसाची अशी तपासणी सहसा करत नाहीत आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे ही सूज दुसरेच काही शोधताना सापडते. रक्त कमी का झाले हे पाहताना, यकृताच्या रोग्याच्या शिरा तपासताना, पोट का दुखते हे शोधताना, किंवा वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या आधी. कागद हातात पडतो आणि घरात घबराट होते. म्हणूनच डॉक्टर पुढे काय विचार करतात, ते घरातल्यांनाही माहीत असावे.

पहिला प्रश्न : खरोखर सूज आहे का?

नळीच्या टोकावर कॅमेरा असतो आणि डॉक्टर पडद्यावर अस्तर पाहतात. अस्तर नुसते लालसर दिसणे म्हणजे रोग नव्हे. लाली एका डॉक्टरला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही. म्हणून अस्तर खरोखर फाटलेले, सोलवटलेले दिसले तरच तो दाह धरायचा, असा नियम आहे. तुमच्या कागदावर ग्रेड न लिहिता फक्त 'लालसरपणा' किंवा 'सौम्य दाह' एवढेच लिहिले असेल, तर "अस्तर फाटलेले दिसले का?" असे डॉक्टरांना विचारा. विचारण्यात लाज कसली? कागद आपला आहे आणि शरीरही आपले आहे.

दुसरा प्रश्न : कारण कोणते?

बहुतेकांत कारण आम्ल हेच असते आणि ओरखडे खालच्या टोकाला दिसतात. पण दरवेळी तसेच असेल असे नाही.

काही वेळा गोळीच नळीत अडकून बसते आणि तेथे जखम करते. डॉक्सीसायक्लीनची कॅप्सूल, हाडे मजबूत करण्याची अॅलेन्ड्रोनेटची गोळी, पोटॅशियमची गोळी, अंगदुखीच्या गोळ्या या बाबतीत बदनाम आहेत. घोटभर पाण्याबरोबर गोळी टाकली आणि लगेच अंथरुणावर पडले की असे होते. ही जखम बहुधा मध्यावर असते आणि तिला पित्ताच्या गोळीपेक्षा मूळ गोळी बदलण्याची गरज असते.

काही वेळा पांढरे चट्टे दिसतात. ती बुरशी असते. मधुमेह, एच.आय.व्ही., दम्याचा स्टिरॉइड पंप, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे, यांत ती वाढते. असे चट्टे दिसले तर डॉक्टर त्यामागचे कारण शोधतात आणि गरजेप्रमाणे बुरशीचे औषध देतात. पंप घेणाऱ्याने दर वेळी पंपानंतर चूळ भरून थुंकावी, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

आणखी एक प्रकार अॅलर्जीचा आहे. त्यात नळीला कडी पडल्यासारखी किंवा उभ्या चरा पडल्यासारख्या दिसतात. तेव्हा डॉक्टर अस्तराचे बारीक तुकडे काढून तपासायला पाठवतात. तुकडा काढला म्हणजे कर्करोग, अशी समजूत आपल्याकडे फार आहे. तसे नाही. कारण नक्की करण्यासाठीही तुकडा काढतात.

तिसरा प्रश्न : सूज किती आहे?

आम्लामुळे आलेल्या सुजेला ए, बी, सी, डी असे चार ग्रेड देतात. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात १९९४ साली पोटाच्या विकारांची जागतिक परिषद भरली होती. तेथे ही पद्धत मांडली गेली, म्हणून तिला त्या शहराचे नाव आहे. कागदावर 'एल.ए. ग्रेड' असे जे लिहिलेले असते ते हेच.

अन्ननलिकेच्या आत अस्तराच्या उभ्या घड्या असतात, साडीला निऱ्या असाव्यात तशा. त्यावरून हा हिशेब चालतो.

ग्रेड ए म्हणजे ओरखडा ५ मिलिमीटर किंवा त्याहून लहान, आणि एका घडीवरून दुसरीवर गेलेला नाही.

ग्रेड बी म्हणजे ओरखडा ५ मिलिमीटरहून लांब, पण अजून एका घडीवरून दुसरीवर गेलेला नाही.

ग्रेड सी म्हणजे ओरखडे एका घडीवरून दुसरीवर पसरून एकमेकांना मिळाले आहेत, पण नळीच्या गोलाईचा पाऊण हिस्सा अजून व्यापलेला नाही.

ग्रेड डी म्हणजे नळीच्या गोलाईचा पाऊण किंवा त्याहून अधिक हिस्सा सोलवटला आहे.

यात रोग्याला जळजळ किती होते याचा उल्लेख कुठेच नाही, हे लक्षात घ्या. माप ओरखड्याचे आहे, त्रासाचे नाही.

ग्रेड ए आणि बी : घाबरू नका

ग्रेड ए तर कसलीही तक्रार नसलेल्या निरोगी माणसांतही थोड्या जणांना दिसतो. म्हणून केवळ ग्रेड ए दिसला एवढ्यावरून 'आम्लाचा रोग पक्का' असे आजचे तज्ज्ञ म्हणत नाहीत. जपान आणि कोरियात अशा सौम्य सुजेच्या लोकांवर काही वर्षे लक्ष ठेवले गेले. त्यांतील बहुतेकांची सूज पुढच्या पायरीवर गेली नाही.

म्हणून ग्रेड ए असेल आणि काहीच त्रास नसेल, तर पुष्कळ डॉक्टर फक्त राहणीमानात बदल सांगतात. काही डॉक्टर एकदा आठ आठवड्यांचा गोळ्यांचा कोर्स देतात आणि थांबवतात. ग्रेड बी असेल तर असा कोर्स अधिक वेळा दिला जातो, आणि त्यानंतर गोळी बंद करून किंवा कमी करून पाहतात. पुन्हा नळी घालण्याची गरज ग्रेड ए मध्ये सहसा पडत नाही.

'घेतली तर काय बिघडले' म्हणून गोळी चालू ठेवणाऱ्यांनी एक प्रयोग जाणून घ्यावा. डेन्मार्कमध्ये २००९ साली तो प्रसिद्ध झाला. पित्ताचा कसलाही त्रास नसलेल्या १२० निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाला आठ आठवडे आम्ल कमी करणारी गोळी आणि मग चार आठवडे खोटी गोळी दिली. दुसऱ्या गटाला सारा वेळ खोटीच गोळी दिली. खरी गोळी थांबल्यानंतर त्या गटातील ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी किंवा अपचनाचा त्रास झाला. दुसऱ्या गटात असे १५ टक्केच निघाले. गोळीने दाबून ठेवलेले आम्ल, गोळी थांबल्यावर काही दिवस उसळी घेते, त्याचा हा परिणाम. पुष्कळांची गोळी सुटत नाही ती यामुळेच. दोन दिवस बंद केली की जळजळते, आणि माणूस म्हणतो, "बघा, मला गोळी लागतेच." ही उसळी बहुधा काही आठवड्यांत ओसरते. डॉक्टरांना विचारून गोळी हळूहळू कमी करता येते.

दुसऱ्या पत्रातील आईसाठी आमचे सांगणे असे. आपल्या मनाने आज गोळी बंद करू नका. चार वर्षांपूर्वीचा कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "मला ही गोळी अजून हवी का?" गुडघेदुखीसाठी रोज गोळी किंवा हृदयासाठी अॅस्पिरिन चालू असेल, तर जठर सांभाळण्यासाठी हीच पित्ताची गोळी डॉक्टरांनी मुद्दाम ठेवलेली असू शकते. तसे काही नसेल तर बहुधा ती थांबेल.

ग्रेड सी आणि डी : त्रास नसला तरी औषध

येथे मात्र डॉक्टर रोग्याच्या 'मला काही होत नाही' या शब्दावर विसंबत नाहीत. कारण या सुजेतून तीन गोष्टी संभवतात. एक, ओरखड्यातून रक्त झिरपत राहते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण अंगातले लोह आणि रक्त कमी होत जाते. दोन, जखमा भरताना व्रण पडून नळी अरुंद होते आणि घास अडकू लागतो. तीन, वर्षानुवर्षे आम्लाचा मारा सोसून खालच्या टोकाचे अस्तर आपली जात बदलते. त्याला बॅरेट असे नाव आहे. ते इंग्लंडमधील शस्त्रवैद्य नॉर्मन बॅरेट यांच्या १९५० सालच्या लेखनावरून पडले. बॅरेट म्हणजे कर्करोग नव्हे. बॅरेट असलेल्यांपैकी बहुतेकांना कर्करोग कधीच होत नाही. पण धोका थोडा वाढतो, म्हणून लक्ष ठेवावे लागते.

सी आणि डी साठी डॉक्टरांची रीत ठरलेली आहे. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल या जातीतील गोळी आठ आठवडे रोज देतात. त्यानंतर पुन्हा नळीची तपासणी करतात. लोक विचारतात, "पुन्हा कशाला? पुन्हा खाडा, पुन्हा खर्च." त्याची दोन कारणे आहेत. जखम भरली की नाही हे त्रासावरून कळत नाही, कारण त्रास मुळात नव्हताच. ते पाहूनच कळते. दुसरे, सुजलेल्या अस्तरात बॅरेट लपून राहते. सूज उतरल्यावरच ते नीट दिसते, आणि मग गरज असेल तर तुकडा काढता येतो. बॅरेट निघाले तर ते किती लांब पसरले आहे ते पाहून साधारण ३ ते ५ वर्षांनी पुन्हा तपासणीला बोलावतात.

जखम भरली तरी सी आणि डी मध्ये गोळी सहसा पुढे चालू राहते. कारण गोळी थांबवली की बहुतेकांत सूज परत येते. त्रास नसल्यामुळे ती परत आली हे रोग्याला कळतही नाही. खूप वर्षे गोळी नको असेल तर खालचे कडे घट्ट करण्याचे ऑपरेशनही आहे, पण ते निवडक रोग्यांसाठी आणि पूर्ण तपासणीनंतरच.

पहिल्या पत्रातील भगिनीला आम्ही कळकळीने सांगतो. ताई, मिस्टरांना पुन्हा डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्या सुरू करा. त्यांना 'काही होत नाही' हे खरे नाही. त्यांचे रक्त कमी झाले आहे, आणि हीच त्यांच्या शरीराची तक्रार असू शकते. दम लागणे, थकवा येणे, याला आपण 'कामाचा शीण' म्हणून सोडून देतो. मात्र रक्त कमी होण्याचे सगळे खापर या सुजेवरही फोडू नका. या वयाच्या पुरुषाचे रक्त लोहाअभावी कमी झाले असेल, तर डॉक्टर मोठे आतडेही तपासतात. दुसरीकडून रक्त जात नाही ना, हे पाहणे गरजेचे असते. त्याबद्दल त्यांना स्पष्ट विचारा. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आम्ल कमी झाले की लोह अंगी लागायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टर रक्ताची तपासणी पुन्हा करतील.

गोळी कशी घ्यावी?

आपल्याकडे पित्ताची गोळी जेवल्यावर, करपट ढेकर आला की घेतात. या जातीच्या गोळीचा तसा उपयोग नाही. ती सकाळी अनशापोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. चहा-पाव खाऊन मग गोळी, असे नको. जठरातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाने चालू होतात. नेमके त्या वेळी औषध रक्तात असले पाहिजे. गोळी चावू किंवा कुटू नये. रात्रपाळी असेल तर उठल्यानंतरच्या पहिल्या खाण्याआधी घ्यावी. हृदयरोग्याला क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण तेव्हा ओमेप्राझोल टाळतात.

दुकानात याच गोळीत उलटीचे औषध मिसळलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात. त्यांतले डॉम्पेरिडोन काहींच्या हृदयाच्या ठोक्यांना बाधते. डॉक्टरांनी साधी गोळी लिहिली असेल तर साधीच घ्या. दुकानदाराने दिलेली 'त्याच्यापेक्षा भारी' घेऊ नका. पैशाची ओढाताण असेल तर जनऔषधी केंद्रात हीच औषधे कंपनीच्या नावाशिवाय पुष्कळ स्वस्त मिळतात.

या गोळ्यांनी मूत्रपिंड जाते, हाडे ठिसूळ होतात, असे लोक एकमेकांना सांगतात. असे संबंध काही पाहण्यांत दिसले आहेत, पण गोळीमुळेच ते झाले असे सिद्ध झालेले नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात १७ हजारांहून अधिक रोग्यांना सुमारे ३ वर्षे पॅन्टोप्राझोल किंवा खोटी गोळी दिली गेली. खऱ्या गोळीच्या गटात पोटाचे जंतुसंसर्ग थोडे अधिक आढळले. बाकी त्रासांत ठळक फरक दिसला नाही. फार वर्षे गोळी घेणाऱ्यांचे बी-१२ किंवा मॅग्नेशियम मात्र कमी होऊ शकते, म्हणून मधूनमधून तपासणी करावी. थोडक्यात, ज्याला गरज आहे त्याने भीतीपोटी सोडू नये आणि ज्याला गरज नाही त्याने सवयीने घेऊ नये.

घरात काय करता येईल?

रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचे अंतर ठेवा. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्याला हे जमत नसेल, तर मुख्य जेवण डब्यातच घ्यावे आणि घरी आल्यावर हलके खावे.

खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ते १५ ते २० सेंटीमीटर उंच करा. नुसती उशी वाढवून उपयोग होत नाही. मान वाकते आणि पोटावर दाब येतो. ज्यांना जमिनीवरच झोपावे लागते त्यांनी गोधड्यांचा उतार करावा, कमरेपासून वर छातीपर्यंत चढत जाणारा. डाव्या कुशीवर झोपल्याने आम्ल कमी वर येते.

पोट सुटले असेल तर थोडे वजन उतरवले तरी फरक पडतो. तिखट सरसकट बंद करण्याची गरज नाही. ज्याला जे बाधते ते त्याने टाळावे.

तंबाखू, मिश्री, गुटखा, विडी आणि दारू सोडा. तंबाखूमुळे आणि दारूमुळे अन्ननलिकेचे कडे सैल पडते, हे एक कारण आहे. पण त्याहून मोठे कारण दुसरे आहे. आपल्या देशात अन्ननलिकेचा जो कर्करोग जास्त आढळतो तो आम्लाचा नव्हे, तर मुख्यतः तंबाखू आणि दारूशी निगडित प्रकारचा आहे. पित्ताची गोळी त्यापासून वाचवत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. घरातही ती बंदी घालायला हवी. भगिनींनी दातांना मिश्री लावणे म्हणजे तंबाखूच, हे विसरू नये.

कोणतीही गोळी उभ्याने किंवा बसून, पेलाभर पाण्याबरोबर घ्या. नंतर अर्धा तास आडवे होऊ नका. अंगदुखीची गोळी रोजच्या चहासारखी घेऊ नका.

केव्हा थांबायचे नाही?

घास अडकणे, गिळताना दुखणे, आपोआप वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, किंवा रक्त कमी भरणे, यांपैकी काहीही असेल तर पुढच्या पगाराची वाट पाहू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. त्या चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगा, पण दाखवायला उशीर करू नका. रक्ताची उलटी झाली तर रात्र असली तरी थेट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

नळीच्या तपासणीची भीती बाळगू नका. सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, घशात बधिर करणारा फवारा मारतात, आणि काम थोड्या मिनिटांत उरकते. श्वास बंद होत नाही, कारण श्वासाची नळी वेगळी आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी कमी खर्चात होते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्या.

तपासणीनंतर डॉक्टरांना चार गोष्टी विचारून कागदाच्या मागे लिहून घ्या. ग्रेड कोणता? कारण काय? गोळी कोणत्या तारखेपर्यंत? पुन्हा तपासणी हवी का, आणि केव्हा? डॉक्टर घाईत असतील तर नर्सताईंना विचारा, घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत न्या. रिपोर्ट आणि फोटो एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवा. पुढच्या वेळी नवा डॉक्टर असला तरी जुना कागद त्याला सगळे सांगतो.

आपल्या मनाने गोळी सुरूही करू नका आणि बंदही करू नका. कागदावर तारीख लिहून घ्या, आणि त्या तारखेला डॉक्टरांकडे जा.